टीचरांचा ताळा

उत्तर बरोबर आलं म्हणून आमच्या टीचरनी कधी कोणाला पूर्ण मार्क दिले नाहीत. भागाकार केला, उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, तरी त्यांचं लाल पेन वहीवर थांबून राहायचं. "ताळा कुठाय?" मग आलेल्या उत्तराला भाजकाने गुणायचं, बाकी मिळवायची आणि मूळची संख्या परत आली तरच गणित सुटलं. ताळा नसेल तर अर्धा मार्क गेला. सातवीत माझे असे इतके अर्धे मार्क गेले, की ते मिळाले असते तर आज मी शिड्यांवर चढून लोकांच्या घरांना कॅमेरे बसवत नसतो, असं माझी बायको म्हणते.

शाळेबाहेरही त्यांचं तेच. बांगडा घेताना आधी कल्ला उघडून बघायच्या, मग पोटावर बोट दाबायच्या, आणि मासेवाली कावली तरी हलायच्या नाहीत. घराचं फाटक लावून वळणापर्यंत गेल्या की परत येऊन कडी हलवून बघायच्या. लग्नाची पत्रिका हातात असताना नवऱ्यामुलाच्या आईला फोन करून तारीख विचारायच्या. गावात याची चेष्टा होई. टीचरना त्याचं काही नव्हतं.

त्यांचं घर मालवणातून बाहेर पडल्यावर खाडीच्या बाजूला. टीचर घरात आणि बाजारात आमच्यासारखंच मालवणी बोलत, पण राग आला की शुद्ध मराठीत येत. "खंय होतंस रे?" असं विचारलं तर समजावं की चहा मिळणार. "कुठे होतास?" असं आलं की आपलं काही खरं नाही. शाळा सोडून वीस वर्षं झाली, स्वतःचं दुकान झालं, दोन मुलं झाली, तरी त्यांच्या तोंडून 'आहेस' आणि 'नाहीस' ऐकलं की माझे हात आपोआप मागे जात.

त्या निवृत्त झाल्या आणि दोनेक वर्षांत त्यांचे यजमान, इनासबाब, विसरायला लागले. डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढलेला माणूस, इंजिनाच्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा. पण आता जेवलो की नाही ते आठवेना, आणि अधूनमधून उठून कुठेतरी चालायला लागत. शेजारचं घर मुंबईकरांचं, मे महिन्यापुरतं उघडणारं. मुलगा फेलिक्स बोटीवर. टीचरना बाजारहाट होता, रविवारचं चर्च होतं, बँक होती. कोणीतरी सुचवलं, बाहेर जाताना फाटकाला कुलूप घाला. त्या म्हणाल्या, "माणसाक कुलूप लावूचा नसता." मग मला बोलावलं.

मी व्हरांड्यावर आणि फाटकावर नजर राहील असा कॅमेरा बसवला. आमच्याकडे घरात काहीही नवीन आलं की ते परदेशातल्या किंवा बोटीवरच्या मुलाच्या नंबरावर घ्यायचं, अशी पद्धत आहे. त्यात मुलाचा मान राहतो आणि आईबापांचंही शेजाऱ्यांत वजन वाढतं. मीही न विचारता फेलिक्सचा नंबर घातला, टीचरच्या फोनवर चित्र चालू करून दिलं आणि सामान आवरायला लागलो. "ताळो केलंस?" त्यांनी विचारलं. "केला टीचर," मी म्हणालो. केला नव्हता. चित्र दिसतंय म्हणजे झालं, हे माझं त्या वेळचं गणित.

त्या कॅमेऱ्याने टीचरना दिवसातले दोन तास मोकळे मिळाले. मासळीबाजारात उभ्या राहून त्या फोनमध्ये डोकावत, इनासबाब पेपर उलटा धरून बसलेले दिसले की निश्चिंत होऊन सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव करत.

मग कंपनीचा निरोप आला: यापुढे पासवर्ड पुरणार नाही, दरवेळी नोंदवलेल्या नंबरावर सहा आकडी कोड जाईल, तो घातल्याशिवाय कॅमेरा उघडणार नाही. नको असेल तर राहू दे, अशी सोय नव्हती. माझ्या नाकी नऊ आले. आरोंद्यापासून वैभववाडीपर्यंत बसवलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या मालकाने मला फोन करून झाडलं. माझेच आंबे बघायला मी परवानगी कोणाची काढू, असं एका बागायतदाराने विचारलं. एकट्या टीचर खूश झाल्या. "बरा केल्यानी. एका उत्तरार इस्वास कित्याक ठेवूचो?" एवढ्या शिव्यांत तेवढंच एक गिऱ्हाईक माझ्या बाजूने बोललं, म्हणून मीही सुखावलो आणि नंबर कोणाचा घातलाय ते विसरून गेलो.

पुढच्याच शनिवारी सकाळी टीचर बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेल्या. रांगेत उभ्या असताना फोन उघडला, तर चित्राच्या जागी कोड मागणारी चौकट. कोड गेला फेलिक्सच्या नंबरावर. फेलिक्सशी बोलणं व्हायचं ते बोटीवरच्या वायफायवरून. कोड येणार सिमवर, आणि सिमला रेंज येणार किनारा लागल्यावर. किनारा आठ दिवस दूर होता. टीचरनी मला फोन केला. "तू कुठे आहेस? ताबडतोब घरी जा."

मी बाईक काढली. घरी पोचलो तर फाटक सताड उघडं, व्हरांडा रिकामा, इनासबाबांच्या चपला नाहीत. वर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला. त्याने सगळं पाहिलं होतं. माणूस कधी बाहेर पडला, डावीकडे वळला की उजवीकडे, सगळं त्याच्या पोटात होतं, आणि ते काढून घ्यायची किल्ली अरबी समुद्रात कुठेतरी. डावीकडची वाट खाडीवर जाते. मी धावत जेटीवर गेलो, पाण्यात बघितलं, होड्यांत बघितलं, जाळी शिवणाऱ्यांना विचारलं. कोणी पाहिलं नव्हतं. त्या पंधरावीस मिनिटांत मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळूनही घातल्या नव्हत्या.

परत येतो तर टीचर रिक्षातून उतरत होत्या. मी सांगितलं, नंबर मी फेलिक्सचा घातला, तपासला नाही, ते कुठे गेले मला माहीत नाही. त्या तशाच आत जाऊन दाराआड बघून आल्या. "छत्री न्हेल्यान," त्या म्हणाल्या. बाहेर लख्ख ऊन. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. "शनिवार आज. साडेअकरा वाजतले. चल."

रिक्षा उजवीकडे वळली. शनिवारी शाळा सकाळची असते आणि साडेअकराला सुटते. डेपोतली पाळी जमली की इनासबाब शाळेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभे राहत आणि टीचरना घरी आणत, हे मी विद्यार्थी असताना किती वेळा बघितलं होतं! आम्ही पोरं त्यांना हसायचोसुद्धा. मला मात्र ते आठवलं नाही.

शाळा नुकतीच सुटली होती. मुलं आरडाओरडा करत बाहेर पडत होती आणि मध्ये इनासबाब उघडी छत्री धरून, प्रत्येक चेहरा बघत उभे होते. टीचर शाळेच्या दुसऱ्या बाजूने आत शिरल्या आणि मुलांबरोबर फाटकातून बाहेर आल्या.

"आज उशीर केलंस गो," इनासबाब म्हणाले.

"वह्यो तपासूक बसलंय," टीचर म्हणाल्या, आणि त्यांच्या छत्रीखाली शिरल्या.

मी रिक्षाच्या आड उभा राहून रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

मी नवा कॅमेरा फुकट बसवून देतो म्हणालो. त्यांनी शुद्ध मराठीत नकार दिला. "उत्तर चुकलं की वही बदलायची नसते. गणित पुन्हा करायचं." पण नंबर बदलायचा तरी कोड जुन्याच नंबरावर. बोट बंदराला लागली, कोड आला, फेलिक्स कामावरून सुटून तो कळवेपर्यंत त्याची मुदत संपली. असं तीनदा झालं. "कोड म्हणजे मासळी रे," टीचर वैतागून म्हणाल्या, "जरा येळ गेलो की शेणात." त्या सगळ्या दिवसांत त्या घराबाहेर पडल्या नाहीत. बाजार मी पोचवत असे आणि बांगडे परत नेऊन बदलूनही आणत असे.

शेवटी फेलिक्स सुट्टीवर आला. तिघे टेबलाशी बसलो, जुना नंबर काढला. मी टीचरचा नंबर घालायला लागलो तशी त्यांनी माझा हात धरला. "पासवर्ड माझ्याच फोनार, कोडय माझ्याच फोनार, मगे तो ताळो कसलो? कोड तुझ्या नंबरार येवंदे."

"माझ्या?"

"तुझ्या. आता तू तपासतलंस."

माझं एकही उत्तर तपासल्याशिवाय न सोडलेल्या बाईने आपल्या घराची अर्धी किल्ली माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरात घरच्या म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने दोनदा कॅमेरा उघडून दाखवल्याशिवाय शिडी उचलत नाही. कामं कमी होतात. होऊ देत.

गेल्या वर्षी इनासबाब झोपेतच गेले. फेलिक्सने टीचरना मडगावला त्याच्या सासरच्या माणसांजवळ घर घेऊन दिलं. जाताना त्यांनी घराची चावी माझ्याकडे दिली. कॅमेरा काढू का विचारलं तर म्हणाल्या, "आसांदे."

आता कधीतरी दुपारी मी कुठल्यातरी भिंतीला भोक पाडत असताना फोन वाजतो. आधी कोड, पाठोपाठ टीचर. मी खाली उतरतो, सहा आकडे सांगतो. पलीकडे टीचर ते घालून चित्र उघडतात. मग त्या म्हणतात, "व्हरांड्यात पाचोळो पडलो आसा. झाडून घे मरे."

मी जातो. इनासबाबांची खुर्ची उचलून बाजूला करतो, खालचं झाडतो आणि खुर्ची होती तिथेच, फाटकाकडे तोंड करून ठेवतो. कॅमेऱ्याकडे बघत नाही. त्या बघत असतात.