साळवेसाहेबांच्या घराचा जिना

माझं शेवटचं पोस्टिंग म्हणजे दिल्लीतल्या मिलिटरी हॉस्पिटलचा फिजिओथेरपी विभाग. नव्वदच्या दशकातली गोष्ट. काश्मीरमध्ये गस्तीवर असताना डाव्या मांडीत गोळ्या लागल्या होत्या. हाड जुळलं, पण पाय माझं ऐकत नव्हता.

नाश्ता झाला की आम्ही हजर. आधी गुडघा वाकवणं, मग दोन दांड्यांमध्ये चालणं, मग एका पायावर तोल. दुपारी पुन्हा तेच. फिजिओ मॅडम दिल्लीच्याच. मी घाई करायला लागलो की म्हणायच्या, "हवालदार साब, जल्दी किस बात की है?"

घाई होती. त्याच गस्तीत आमचे कॅप्टन सुधीर साळवे गेले. त्यांचे आईवडील नोएडाच्या एका नव्या सेक्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट नाही. आईंचे गुडघे गेलेले, त्या खाली उतरतच नव्हत्या. साहेबांच्या शेवटच्या क्षणी जवळ फक्त मी होतो, आणि मला पुढच्या आठवड्यात गावी पाठवणार होते. डोळे मिटले तरी मी जिनाच चढत असे.

शेवटी मॅडमना सगळं सांगितलं.  त्यांनी मला सरावाच्या लाकडी पायऱ्यांपाशी नेलं.

"चढ़ते वक़्त अच्छा पैर पहले. उतरते वक़्त कमज़ोर वाला. और रेलिंग मत छोड़ना."

बाहेर जायला आउटपास मिळाला. ऑटो करून नोएडाला पोचलो. जिकडे तिकडे विटांचे ढीग, अर्धवट इमारती. साळवेंच्या जिन्याला रेलिंग अजून बसवलेलंच नव्हतं.

एक हात भिंतीला, दुसऱ्यात काठी. दुसरा मजला ओलांडला आणि पाय लटपटू लागला. उजवीकडे सरळ खाली मोकळं. वर जाता येईना, खाली उतरता येईना. पायरीवर बसलो आणि हाक मारली, "साळवेकाका!"

वडील उतरून आले. "कोण?"

"हवालदार जाधव. साहेबांचा रेडिओ ऑपरेटर."

 त्यांनी मला उठवलं आणि माझ्या उजवीकडे, त्या मोकळ्या कडेला, स्वतः उभे राहिले.

"चला. मी आहे."

आई दारात थांबल्या होत्या. बसल्यावर मी जे घडलं ते सांगितलं. मला गोळ्या लागल्या तेव्हा साहेबांनी ओढत दगडाआड आणलं. रेडिओ सेट मागे राहिला होता, तो आणायला परत गेले. सेट घेऊन आले आणि माझ्याशेजारी कोसळले. मी कळवलं, "साहेब जखमी. मदत पाठवा. ओव्हर." उत्तर आलं, "पोचतोय. ओव्हर." वाट लांबची होती.

काका खिडकीबाहेर बघत होते. आईंनी एकच विचारलं, "बाळा, त्याला पाणी मिळालं का?"

"हो, आई. माझ्या बाटलीतलं. प्यायले."

त्यांनी मान हलवली. मग भिंतीच्या आधाराने चालत मला आतली खोली दाखवली. पलंगावर नवी चादर, भिंतीवर छोटा क्रूस आणि साहेबांचा गणवेशातला फोटो.

"ही सुधीरची खोली. घराचा ताबा मिळाला तोवर तो राहिला नव्हता."

माझ्या डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून सॅल्यूट करता येत नव्हता. काठी भिंतीला टेकवली आणि फोटोसमोर सावधान उभा राहिलो. पाय थरथरत होता. काका शेजारीच होते. त्यांनी आधाराला हात पुढे केला नाही. तेही सावधान उभे होते.