बारावी खुर्ची

ओडेसा टिलरी आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत पहिल्यांदा आली ती जेवणघरात वाढायला. दुधाच्या खोक्यांवरची अक्षरं दाखवत ती रांगेतल्या पोरांना वाचायला लावायची आणि त्यामुळे रांग खोळंबायची. तक्रार झाली तेव्हा त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी तिला हाकलण्याऐवजी वर्गात मदतनीस म्हणून घेतलं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. कॉलेज झालेलं नसल्यामुळे ती शिक्षिका कधीच झाली नाही. पण मिसिसिपीच्या या कोपऱ्यात ज्याला वाचता येत नाही त्याला कुणाकडे पाठवायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिची पद्धत साधी होती. पोराने हनुवटीखाली तळहात धरायचा, शब्द मोठ्याने म्हणायचा आणि हनुवटी कितीदा खाली येते ते मोजायचं, म्हणजे शब्दाचे तुकडे कळतात. "शब्द तुझ्या तोंडातच आहे, बाळा," ती म्हणायची, "मी फक्त बाहेर काढते."

आमच्याकडे तिसरीतल्या मुलाला राज्याच्या वाचन परीक्षेत ठरावीक गुण मिळाले नाहीत, तर ते चौथीत जात नाही. ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत सराव परीक्षा होते आणि मग कार्यालयामागच्या खोलीत भिंतीवर कार्डं लागतात. हिरवी कार्डं पास होणाऱ्यांची, पिवळी काठावरच्या बारा जणांची आणि लाल बाकीच्यांची. कार्डांवर नावं नसतात, नंबर असतात. दुपारी ओडेसाच्या टेबलाशी बारा खुर्च्या असत आणि त्या फक्त पिवळ्यांसाठी. "लाल कार्डावर घालवलेला तास राज्य शाळेला देतं त्या श्रेणीत दिसत नाही," असं मुख्याध्यापिका मिसेस ब्रॅशर पालकसभेतसुद्धा सांगत. आम्ही माना डोलवायचो.

त्या वर्षी जानेवारीत बाराव्या खुर्चीसाठी दोन मुली सारख्याच गुणांवर आल्या. एक माझी ब्रिन. दुसरी ओडेसाची नात नायला. नायलाची आई टेक्सासात कुठेतरी होती आणि बरेच महिने तिचा फोन नव्हता. पोर आजीकडेच वाढत होती. बरोबरी झाली तर ज्याच्या गैरहजेऱ्या कमी त्याला खुर्ची, असा नियम होता. नायला एक दिवसही चुकली नव्हती. ब्रिन नऊ दिवस चुकली होती, कारण ऑक्टोबरात आम्ही तिला समुद्रावर नेलं होतं. ओडेसाने नियमाप्रमाणे नायलाचं कार्ड पिवळ्या रांगेत लावलं.

मी शाळेत गेले. मोठ्याने बोलले नाही. एवढंच म्हटलं, "बाराव्या खुर्चीवर कोण बसलंय, ते फक्त विचारायला आले."

मिसेस ब्रॅशरनी ओडेसाला हाक मारली. "मिस ओडेसा, बारावी कोण?"

"माझी नायला, मॅम."

"आणि कार्डं कोण लावतं?"

"मीच लावते, मॅम. पण हजेरीचा नियम..."

"नियम मला माहीत आहे हो. लोक काय म्हणतील ते सांगते. आजीने नातीला बसवलं म्हणतील. शिवाय तिच्या घरात तर तुम्ही आयत्याच आहात. तिला खुर्ची कशाला?"

ओडेसा संध्याकाळी हमरस्त्यावरच्या मासळीच्या हॉटेलात भांडी घासायची. मदतनिसाच्या पगारात दोघींचं भागत नव्हतं. नायला तोवर शेजारणीकडे टीव्हीसमोर असायची. हे त्या खोलीत आम्हा तिघींनाही माहीत होतं. ओडेसाने माझ्याकडे पाहिलं. नऊ दिवसांचा हिशोब मी तेव्हा सांगू शकले असते. मी पर्सची चेन लावली.

ओडेसाने नायलाचं कार्ड काढून लाल रांगेत लावलं आणि ब्रिनचं पिवळ्या रांगेत लावलं. मग म्हणाली, "उद्यापासून पाठवा ब्रिनला. पेन्सिल नको, मी देते."

ती सूड घेईल अशी मला भीती होती. ब्रिन घरी आली की मी खोदून खोदून विचारायचे, ओरडते का, दुर्लक्ष करते का. तसं काहीच नव्हतं. अकरा आठवडे तिने माझ्या मुलीच्या हनुवटीखाली हात धरला. नायला त्या वेळी पलीकडच्या वर्गात रंगवायची चित्रं घेऊन बसायची, कारण लाल कार्डांना कुठेतरी बसवायला लागतं.

एप्रिलमध्ये ब्रिन एका गुणाने पास झाली. नायला चार गुणांनी नापास झाली, मग दोन्ही फेरपरीक्षांतही नापास झाली.

आमच्या शाळेत मेमध्ये चौथीत जाणाऱ्यांची मिरवणूक निघते. पास झालेले कॉरिडॉरमधून चालतात आणि बाकीचे दोन्ही भिंतींना उभे राहून टाळ्या वाजवतात. त्यात नापास झालेलेही असतात. नायला हात मागे घेऊन उभी होती.

"मीमॉ, मी का वाजवू?" तिने आजीला विचारलं.

"कारण सगळे बघतायत," ओडेसा म्हणाली आणि तिची मनगटं धरून तिचे हात एकमेकांवर आपटू लागली. ब्रिन समोरून गेली. मी फोटो काढत होते.

ऑगस्टमध्ये नायला पुन्हा तिसरीत बसली. सगळ्यांपेक्षा डोकं वर. पहिल्याच सराव परीक्षेत तिचं कार्ड पिवळ्यात आलं आणि मिसेस ब्रॅशर म्हणाल्या, "आता कुणी बोट दाखवणार नाही, घ्या तिला." ओडेसाने तिला बाराव्या खुर्चीवर बसवलं. सहा आठवड्यांत पोर घडाघडा वाचायला लागली. फक्त सहा.

ऑक्टोबरात शाळा बघायला जिल्ह्याची माणसं आली, तेव्हा स्वयंसेवक म्हणून ओडेसा शिकवायची त्याच खोलीत मी पुस्तकं लावत होते. मिसेस ब्रॅशरनी नायलाला उभं करून एक पान वाचायला लावलं. ती न अडखळता वाचत गेली.

"बघा," मिसेस ब्रॅशर पाहुण्यांना म्हणाल्या, "नापास केलं म्हणजे मुलाचं वाईट होतं म्हणतात लोक. ही पाहा."

पाहुण्यांपैकी एका बाईने ओडेसाला विचारलं, "या वर्षी तुम्ही हिच्यासाठी काय वेगळं केलंत?"

"काही नाही, मॅम. या वर्षी तिला खुर्ची मिळाली."

बाई हसली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मिसेस ब्रॅशर त्यांना पुढच्या वर्गात घेऊन गेल्या. ओडेसाने नायलाच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं आणि पुढच्या पोराला हाक मारली. मी कपाटाकडे तोंड करून पुस्तकं लावत राहिले.