फांदीपलीकडची वाट

भुताखेतांच्या गोष्टींची मी आयुष्यभर टर उडवली. आता ब्याऐंशी पूर्ण झाली... म्हणून एकदाचं खरं लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटचा एक उन्हाळा. निर्मळला आमची केळीची बाग. घडांना टेकू द्यायला बांबू लागायचे. ते मी गोखिवऱ्यामागच्या डोंगरातून चोरून आणायचो. दिवसा फॉरेस्टचा गार्ड फिरायचा, म्हणून रात्री. सोबत पेट्रोमॅक्स बत्ती आणि काकड्या, पायथ्याच्या पाड्यावरचा वारली.

दिवस मावळला की पाड्यावरची माणसं त्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकत. तिच्यापुढे सकाळपर्यंत कुणी जायचं नाही. कारण वाट डोहावरून जायची आणि जनावरांना पाणी तेवढंच. मी रोज ती फांदी लाथेने उडवायचो. काकड्याला म्हणायचो, सांग तुझ्या जनावरांना, दुपारी या प्यायला. तो हसायचा नाही.

पंधरवड्यात वाटेकडेला मेलेली भेकरं दिसू लागली. जखम नाही, जीभ सुकलेली. काकड्या म्हणाला, "भाऊ, उजेडाला भिऊन ती पान्यावर येत नाय. बास कर आता."

गार्डला तुझंच नाव सांगेन, असं मी धमकावलं. तो मुकाट्याने आला.

त्या रात्री डोहाजवळ बत्तीच्या उजेडात डोळे चमकले. एक जोडी, मग दहा, मग वाटेच्या दोन्ही बाजूंना... भेकरं, डुकरं, बिबट्या — सगळी रांगा धरून, आवाज न करता. उजेडामुळे चमकत असतील म्हणून मी बत्ती विझवली.

डोळे तसेच चमकत राहिले.

काकड्या हळूच म्हणाला, "पलू नको. बाजूला हो. पिऊ दे त्यांना."

मी त्याला पुढे ढकललं आणि पळालो.

सकाळी तो डोहाच्या काठावर मेलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही. हात मनगटापर्यंत पाण्यात — आणि ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी. एका रात्रीत? काठच्या ओल्या चिखलात एकाही जनावराचं पाऊल नव्हतं.

पोलिसांना मी सांगितलं, दारू पिऊन पडला असेल. त्याची बायको समोरच उभी होती. "ते पीत नव्हते," एवढंच ती म्हणाली. बागायतदारापुढे तिचं कोण ऐकणार? मरेपर्यंत ती दारुड्याची बाई राहिली.

ते डोळे कसले, तो कशाने गेला, मला आजही सांगता येत नाही. पण काकड्याने दारूला कधी हात लावला नव्हता. हे मला त्या सकाळीही सांगता आलं असतं.