आईचा अंगठा

काल निपाणीच्या बस स्टँडवर तंबाखूचा वास आला आणि आईबरोबर पेन्शनच्या कार्यालयात काढलेला तो दिवस आठवला. ती जिवंत असल्याचा पुरावा म्हणून तिचा अंगठा यंत्रावर उमटायला हवा होता, नाहीतर पेन्शन बंद होणार होती. विड्या वळून वळून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. त्या परत याव्यात म्हणून आठवडाभर तिनं विडीच्या सुपाला हात लावला नव्हता. तरी लाल दिवाच लागत राहिला. "आक्का, बोट नीट पुसून ठेवा," कारकून म्हणाला. "पुसून पुसूनच गेलंय की रं सगळं. मी समोर हाय न्हवं तुझ्या?" "मला दिसतंय, आक्का. मशीनला दिसत न्हाय." मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुमी चोरी केलासा तरी घावायच्या न्हाईसा." सगळे हसले, तीही हसली. मग कार्यालय बंद होईपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो आणि ती अंगठा पदराला घासत राहिली. गेल्या महिन्यात तिच्या मृत्यूचा दाखला द्यायला मी त्याच खिडकीवर गेलो. रांगेत उभा असताना मी माझा अंगठा शर्टाला घासत होतो. कारकुनानं कागद घेतला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.