पितांबरनानांचं केळं

यावलजवळच्या आमच्या गावात डॉक्टर होते, पण त्यांचा नंबर पितांबरनानांच्या नंतरचा. नानांकडे औषध एकच, स्वतःच्या बागेतलं केळं. पोट बांधलं तर केळं, सुटलं तरी केळं. नात भूमिकानं एकदा गोटी गिळली. नानांनी तिला पिकलेली केळी भरवली आणि दुसऱ्या दिवशी गोटी बाहेर. ती धुऊन नानांनी खिशात ठेवली. भेटेल त्याच्या हातावर द्यायचे आणि त्यानं नीट निरखून झाल्यावर ती कुठून आली ते सांगायचे.

नानांचे पुढचे दोन दात खोटे, तारेच्या आकड्यांनी अडकवलेले. ते ढिले झालेत, नवे करा, असं बायको मंदाबाई सांगून थकल्या. भरीत खायला दात कशाला लागतात, हे नानांचं उत्तर.

शेतातल्या भरीत-पार्टीत कळण्याच्या भाकरीचा मोठा घास तोंडात असताना नाना स्वतःच्याच विनोदावर हसले आणि दात घासाबरोबर खाली उतरले.

नानांच्या मुलानं, नवीननं, लगेच मोटरसायकल काढली. जळगावला जाऊ, पोटाचा फोटो काढू, म्हणाला.

"गोटी गेली ना? मंग दातबी जातीन," नाना म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गोटी सगळ्यांना आठवत होती. गोटीला आकडे नसतात, हे कुणाला आठवलं नाही.

नाना केळी खात राहिले. पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा दात रस्ता शोधताहेत म्हणाले. मग कळ एकाएकी थांबली. नानांनी चहा मागितला, मंदाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळपर्यंत पोट फळीसारखं टणक झालं आणि अंग तापानं भाजू लागलं.

जळगावच्या दवाखान्यात पोट उघडलं. तारेच्या आकड्यानं आतडं फाटलं होतं, घाण पोटभर पसरली होती. डॉक्टरांनी फाटका भाग कापला, बाकीचं धुतलं. भेटायला येणारे रीतीप्रमाणे केळी आणत होते. कॉटखाली फण्या साचल्या, आणि वर नानांना पाण्याचा घोटही बंद. एकदा त्यांनी नवीनला खुणेनं जवळ बोलावलं.

"गावात सांगजो. गोटीले केळं चालते. आकड्याले नाई."

नाना गावात परतले ते चादरीत गुंडाळून.

उन्हाळ्यात शेजारच्या मेघाच्या मुलीनं साडीची पिन गिळली. मेघा तिला कडेवर घेऊन मंदाबाईंकडे धावत आली, केळी मागायला. मंदाबाईंनी ओट्यावरची फणी उचलून आत ठेवली, दाराला कडी घातली आणि नवीनला म्हणाल्या, "गाडी काढ."