गळ्यातलं काढून ठेव

जालन्याच्या मंडळींनो, आणि जालना सोडून माझ्यासारखं भलतीकडेच रुजलेल्यांनो,

लग्नानंतर बंगळूरला निघाले तेव्हा स्टँडवर आईने माझा हात सोडला आणि मंगळसूत्र धरलं. काळे मणी आणि मधे वाट्यांच्या जागी इवलासा सोन्याचा क्रूस. पाळकसाहेबांनी वेदीपुढे आशीर्वाद देऊन ह्यांच्या हातात दिलेलं. आई म्हणाली, "हे उतरवायची वेळ आणली तर देव आणील. माणसाच्या सांगण्यावरून काढू नकोस." मला हसू आलं. असं सांगणारं माणूस अजून जन्माला यायचंय, असं वाटलं. ते जन्मलेलं होतं. अमेरिकेत, मक्याच्या शेतांमधल्या एका गावात, डोरिस या नावाने.

जालन्यात माझ्या गळ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी मास्तरांची नात, संपलं. इथे बंगळूरच्या जयनगरात पुण्याकडच्या शेजारणी काळे मणी बघून हळदीकुंकवाला बोलावतात आणि क्रूस दिसला की अर्धं पाऊल मागे घेतात. चर्चमधल्या बायका विचारतात, "अक्का, तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात?" मी सांगते, "पणजोबांना विचारावं लागेल."

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चर्चचा गट मिशनसाठी अमेरिकेला निघाला. मिशनवाले तिकडून इकडे येतात, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिलं. आपण तिकडे जायचं म्हटल्यावर मी वरातीला जाण्याच्या थाटात साड्या भरल्या. देवनहळ्ळीच्या विमानतळावर आमचे पुढारी थॉमसअण्णा सगळ्यांना एकसारख्या टोप्या वाटत होते. आमचे हे कानाशी येऊन म्हणाले, "तिकडच्यांना सुधारून ये गं."

तिथे प्रत्येकाची राहायची सोय एकेका कुटुंबात होती. मी डोरिस आणि वॉल्टकडे. पलंगावर इतक्या उशा, की झोपायचं कुठे ते शोधावं लागे. वॉल्ट फक्त हवामानाबद्दल बोले. डोरिस मात्र प्रेमळ, फार प्रेमळ. मी मक्याचं कणीस खाताना ती फोटो काढी, जणू मका मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

शनिवारी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या तू चर्चमधे साक्ष देणार ना, प्रभू तुला कसा भेटला ते सांगणार ना? तेवढं गळ्यातलं काढून ठेव. जुन्या देवांची खूण घालून वेदीपुढे उभं राहू नये." आणि कापूस घातलेली एक डबी माझ्यापुढे सरकवली. डबी! माझं लग्न म्हणजे काय उपटलेला दात होता? मी क्रूस दाखवला, समजावलं. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तशी ती हसली.

मी थॉमसअण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "अक्का, एका दिवसाचा प्रश्न आहे. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

अहो, हे 'थोडं सरकून घ्या' म्हणत बसमधे अर्धी सीट मागायचं वाक्य! बंगळूरमधे आल्यापासून मी ती सरकून सरकून दिली. पण गळा म्हणजे सीट नव्हे!

मी मंगळसूत्र काढलं नाही. मग मला बाकावर बसवलं आणि माझी साक्ष थॉमसअण्णांनीच दिली. पडद्यावर मी, हातात कणीस. "ही आमची बहीण अंधारात होती, दगडांपुढे वाकत होती..." माझे पणजोबा मिशनशाळेत बायबल शिकवायचे आणि त्यांची पणती अंधारात? मी ताडकन उठले. रागात तोंडून मराठीच आलं. "खोटं! साफ खोटं आहे हे!"

सगळं चर्च गरजलं, "आमेन!"

"अरे, खोटारडा आहे हा माणूस!"

"आमेन! हालेलुया!" हात वर गेले. डोरिसने डोळे पुसले. इतके रंगलेले प्रेक्षक मला आयुष्यात मिळाले नव्हते, आणि इतके निरुपयोगीही.

मग मी इंग्रजीत सांगितलं की हे गृहस्थ खोटं बोलताहेत, आमच्या घरात पणजोबांपासून सगळे चर्चला जातात. वर गेलेले हात खाली आले. डोरिसने मला खाली बसवायला खांद्याशी धरून ओढलं. पदराबरोबर पोतही तिच्या मुठीत आली आणि तुटली. मणी बाकांखाली घरंगळले.

कुणी हललं नाही. थॉमसअण्णासुद्धा नाहीत. फक्त वॉल्ट, रविवारचा कोट घातलेला, गुडघ्यांवर बसला आणि एकेक मणी वेचू लागला. सापडले तेवढे मणी आणि क्रूस रुमालात बांधून त्याने माझ्या हातात दिले. हवामानाबद्दलही बोलला नाही.

गाडीत डोरिस म्हणाली, "माझ्याच चर्चमधे तू मला मान खाली घालायला लावलीस."

"आणि तुम्ही माझा गळा रिकामा केलात," मी म्हणाले. पुढे रस्ताभर नुसता मका.

डोरिसला काय बोलायचं? माझं तिला खरं वाटलं नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलंच नव्हतं. माझा राग थॉमसअण्णांवर आहे. त्यांना सगळं ठाऊक होतं, अंधाराची गोष्ट तिकडे किती आवडते तेही. अजून म्हणतात, "जाऊ द्या ना अक्का." नाही जाऊ देत. दर रविवारी पहिल्या बाकावर, बरोबर त्यांच्या समोर बसते.

तुम्ही पत्रांतून विचारता, आता घर कुठलं, जालना की बंगळूर? सांगते. परत आल्यावर रुमाल घेऊन मी इथल्या चामराजपेटेत गेले. तिथे मंगळसूत्र गाठवून देणारे एक म्हातारे अण्णा आहेत, पिढ्यानपिढ्या इथलेच, मराठीत कानडी मिसळून बोलणारे. त्यांनी मणी पसरले, क्रूस पुसून बाजूला ठेवला. मी सगळी कहाणी ओठांवर घेऊन तयार होते. त्यांनी काही विचारलंच नाही.

"मणी स्वल्प कमी आहेत अक्का, नवे घालतो. चालेल, सरी?"

"घाला."

"लांबी किती ठेवू?"

माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, "लांबून दिसेल एवढी."