दत्तारामचा डबा

ठाकूरद्वारच्या आसपासच्या वाड्यांत इंटरनेट पोचवायचं काम दत्ताराम परब वीसेक वर्षं करत होता. प्रत्येक वाडीच्या जिन्यात एक स्विच, म्हणजे वायरी फोडून घरोघर नेणारा डबा. नेट गेलं की लोक दत्तारामला हाक मारायचे, तो जिने चढायचा, डबा बंद करून चालू करायचा आणि चहा पिऊन उतरायचा. प्रत्येक घरातलं लग्न नि आजारपण त्याला ठाऊक असे.

मग त्याच्या बायकोने, अक्षताने, नेटवर्किंगचा कोर्स केला आणि जुने डबे काढून नवे बसवायला लावले. या डब्यांना स्वतःचा आयपी पत्ता देता येत होता. राउटरने आपोआप दिलेला पत्ता उद्या बदलला तर डबा शोधायचा कुठे, म्हणून तिने प्रत्येकाला कायमचा पत्ता स्वतः नेमून दिला. आता तक्रार आली की ती घरातूनच त्या पत्त्यावर शिरायची, अडकलेली लाईन मोकळी करायची आणि परत भाजी परतायला जायची.

लोकही शहाणे. दत्तारामचा फोन वाजेनासा झाला. अक्षताचा मात्र सारखा वाजे, "वहिनी, जरा बघा ना!" ती हसून बोलायची, ते हसणं त्याला झोंबायचं. एकदा नाक्यावर कुणीतरी त्याची ओळख करून दिली, "हे अक्षतावहिनींचे मिस्टर." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दुपारी तो लॅपटॉप घेऊन त्याच्या जुन्या गिऱ्हाईक नॉर्मा आंटीच्या वाडीत गेला, डब्याला वायर लावली आणि त्याचा पत्ता बदलून टाकला. आता बोंब होईल, अक्षताचा हात पोचणार नाही, आणि मग आपल्यालाच बोलावतील!

बोंब झाली नाही. आठवडा उलटला तरी वाडीत नेट झकास चाललं होतं. रागाच्या भरात तो विसरला होता, की घराघरांतलं नेट त्या पत्त्यावर अडून नसतं. पत्ता लागतो तो लांबून डब्याशी बोलणाऱ्याला.

शेवटी एकदाची आंटीची लाईन अडकली. अक्षताने खूप खटपट केली, डबा उत्तर देईना.

"अहो, जाऊन बघता का?"

तो जवळजवळ धावतच गेला. आंटीने दारातच हात धरला. "दत्ताराम! किती दिसांनी आलास रे!" डबा बंद करून चालू करताच लाईन सुटली, मग चहा झाला, तळलेल्या गरम गोल फुगिया झाल्या. दत्ताराम सुखावला. निघताना आंटीने एक पुडी हातात ठेवली.

"ही अक्षताची हां. गुणाची पोर आहे. तू खाऊ नकोस वाटेत."

तो जिना उतरला तो दात-ओठ खातच.

घरी अक्षता वाट बघत होती. "लाईन सुटली, तरी तो डबा जुन्या पत्त्यावर सापडत नाही. त्याचा पत्ता कुणी बदलला?"

"लाईट गेली असेल, त्यात उडाला असेल."

"सेव्ह केलेला पत्ता लाईट जाऊन उडत नाही, अहो."

दत्ताराम एकदम म्हणाला, "माझी माणसं होती ती. वीस वर्षं मी जिने चढलो. तू फोनवर दोन शब्द बोललीस आणि तुझी झाली."

अक्षताने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "बरं. ती वाडी तुमची. मला पत्ता सांगू नका."

तिने भांडण केलं असतं तर त्याला सोसलं असतं. हे दान मिळाल्यासारखं झालं.

पंधरवड्याने तो दादरला केबल आणायला गेला असताना आंटीची लाईन पुन्हा अडकली. अक्षताने तिला सांगितलं, "आंटी, तुमची वाडी यांच्याकडे आहे." तो पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. वसईच्या भावाशी व्हिडिओवर ठरलेलं आंटीचं बोलणं राहून गेलं होतं. तिने चहा विचारला नाही. "तुझ्या बायकोला जमतं ते तुला का जमत नाय रे?" एवढंच म्हणाली.

घरी येऊन त्याने चपला काढल्या, आणि अक्षताकडे न बघता नवा पत्ता एकेक आकडा करत सांगितला. तिने तो टाईप केला. डब्याने लगेच उत्तर दिलं. तेही दत्तारामला आवडलं नाही.